भाऊ आणि त्यांच्या गाडीतली रायडर

बाजूची सीट रिकामी असली, की भाऊंचं गाडीत मन लागत नसे. कोलशेतच्या नाक्यावर काच खाली करून ते हाक मारायचे, "घोडबंदरला कोन येतंय?" मी तिकडच्याच एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. एकदा त्या हाकेला ओ दिली आणि पुढे तीन वर्षं रोज सकाळी त्यांच्याच गाडीतून गेले.

भाऊंच्या वडिलांचं खाडीकाठी मिठागर होतं. तिथे आता टॉवर आहेत. त्यातल्याच एकात भाऊ एकटे राहायचे. सिग्नलला गाडी थांबली की ते हरवायचे. "इथं मीठ पडलं का चांदन्यावानी दिसायचं," असं पुटपुटत, हिरवा दिवा लागला तरी तिथेच.

पुतण्याने त्यांच्या फोनवर लिफ्ट देणाऱ्यांचं ॲप टाकून दिलं. त्यात मला 'रायडर' म्हटलेलं पाहून भाऊ बिथरले. "गारी मी चालवायची, आन् रायडर तुमी?"

"बसणाऱ्यालाच रायडर म्हणतात त्यात, भाऊ."

"मंग मी कोन? ड्रायवर? त्यो त पगारी असतंय."

मी 'पॅसेंजर' सुचवलं, तर तो त्यांना तिकीट काढून बसणारा वाटला. शेवटी मी म्हटलं, "आपण एकमेकांना कंपनी देतो, असं म्हणा."

"कंपनी नको, बाई. आमचं मिठागर आधी कंपनीनंच घेतलं." आणि त्यांनी ॲपच काढून टाकलं.

एका सकाळी ते म्हणाले, "जाम धुकं हाय आज." बाहेर लख्ख ऊन होतं. मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशीही ते तेच म्हणाले, तेव्हा मी पुन्हा बाहेर पाहिलं. ऊन तसंच होतं.

"भाऊ, धुकं नाहीये. गाडी बाजूला घ्या."

त्यांनी घेतली. समोरची काच हाताने पुसून पाहिली. मग एवढंच म्हणाले, "म्हंजे माज्याच डोल्यांना दिसत नाय." उतरून, बॉनेट चाचपत ते डाव्या दाराशी आले. माझ्याकडे लायसन होतं, सराव नव्हता. मी उजवीकडे सरकले.

डॉक्टरांनी सांगितलं, नजर परत येणार नाही. काही महिने मीच गाडी चालवली, मग भाऊंनी कल्याणला लेकीकडे जायचं ठरवलं. सोडायला मीच गेले. खाडीवरच्या पुलावर त्यांनी खोल श्वास घेतला.

"भरती लागली, बाई."

मी पाहिलं. पाणी खरंच तिवरांच्या बुंध्यापर्यंत चढलं होतं.

"जरा हलू घ्या," ते म्हणाले.

मी गाडी हळू केली, अगदी हळू. कल्याण जितकं उशिरा येईल, तितकं मलाही हवंच होतं.