आबांची चिलीची वाईन

आमच्या आबांना जाऊन तीन दिवस झाले होते आणि ते माझ्यावर अजून नाराज होते.

पंचगंगेच्या घाटावर रक्षाविसर्जन होतं. आमच्याकडं रीत अशी, की रक्षा नदीत सोडायची, गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ पत्रावळीवर मांडायचे आणि कावळा शिवेपर्यंत थांबायचं. लगेच शिवला तर माणूस तृप्त होऊन गेला. नाही शिवला तर त्याचा जीव कशाततरी अडकलाय, आणि तो कशात ते जमलेल्यांनी ओळखून शब्द द्यायचा. सकाळी नऊला तांबड्या रश्श्यासकट पत्रावळ मांडली. साडेदहा वाजले. समोरच्या पत्र्यावर डझनभर कावळे बसलेले. एकही खाली येईना!

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझे वडील मी चौथीत असताना गेले, तेव्हापासून आबा आणि काकींनीच मला वाढवलं, शिकवलं, साखर कारखान्यात चिकटवलं. अग्नी मीच दिला. डोक्याचा गोटा, कमरेला पांढरं धोतर, अनवाणी पाय, असा मी सगळ्यांच्या पुढं हात जोडून उभा होतो. आबांचं काय अडकलंय, हे त्या दीडशे माणसांत फक्त मला ठाऊक होतं. आणि मी ते बोलत नव्हतो.

झालं होतं असं. आबा कारखान्याचे डायरेक्टर. दोन हजार सालानंतर कधीतरी संचालकांचा ब्राझीलला अभ्यासदौरा निघाला. तिथं ऊस बघायचा होता. तो दीड दिवसात बघून झाला. ("ऊस तसाच की! उभाच असतोय," हा आबांचा संपूर्ण अहवाल.) मग 'एवढं आलोयच तर' म्हणून मंडळी शेजारच्या उरुग्वे, अर्जेंटिना आणि पलीकडच्या चिली देशांतही जाऊन आली. तिथं द्राक्षाच्या मळ्यात आबा मजुरांच्या पंगतीला बसले. मजुरांनी त्यांच्यापुढं वाईनचा पेला ठेवला. आबांनी जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. पण पाहुणचाराला नाही म्हणणं हेही त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

परत आले ते शंभर पानी वही भरून. त्यात उसाला अर्धं पान. बाकी सगळी वाईन!

"सुभ्या, महाग वाईन कुनीबी चांगली म्हनंल," आबा मला समजावायचे. "स्वस्तातली चांगली कंची, ह्यो खरा अभ्यास!"

आणि अभ्यास खरोखर पक्का होता, एकेका वाईनच्या नावानिशी. 'मालबेक, अर्जेंटिना. पिकल्या जांभळागत. सुक्क्या मटनासंगं. गरिबाला परवडती.' 'तोरोन्तेस, पांढरी. वास मोगऱ्याचा, चव लिंबाची. माशाला बरी.' 'तनात, उरुग्वे. तोंड आवळतंय, दात काळं हुत्यात. घाई करू न्हये, दोन वर्सं ठेवावी.' शेवटी खाली दोन रेघा मारून लिहिलेलं: 'कार्मेनेर, चिली. भाजल्याली ढबू मिरची. तांबड्या रश्श्याला हिच्यासारखी दुसरी न्हाई.'

त्या कार्मेनेरची एक बाटली आबांनी धोतरात गुंडाळून थेट कोल्हापूरपर्यंत आणली होती. घरात ठेवायची मात्र सोय नव्हती. काकीचा धाकटा भाऊ दारूपायी गेलेला. तिच्यापुढं खोकल्याच्या औषधाचीसुद्धा बाटली कुणी उंच धरत नसे. मी मात्र लग्नानंतर वेगळं बिऱ्हाड केलं होतं.

"तुज्याकडं ठिव," आबा म्हणाले. "मी हिला पटवतो. पटली की तुज्या घरात तांबडा रस्सा करायचा आन् तिघांनी बसून उघडायची. मी, तू आन् काकी. एकट्यानं प्यायची वस्तू न्हवं ही. तिकडं कुनी एकटं पीत न्हाई."

काकी पटेना. त्यातच आबांचं हृदय कुरकुरायला लागलं आणि डॉक्टरांनी रस्सा बंद केला. बाटली माझ्या कपाटात स्वेटरांच्या मागं वर्षभर पडून राहिली.

मग एक रविवार आला. बायको माहेरी. मी मटण आणलं, हातानं तांबडा रस्सा केला आणि विचार केला, नुसता वास तर घेऊन बघू. (नुसत्या वासासाठी मी पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि दात वापरले.) वास घेतला. ढबू मिरची! आबा अगदी खरं बोलत होते. मग एक घोट घेतला, कारण नुसत्या वासावर मत देणं अभ्यासाला धरून झालं नसतं. मग वहीतलं वाक्य आठवलं, 'उघडल्याली वाईन टिकत न्हाई.' झालं! दुपारी चारला बाटली पालथी. आबांना दुसरी आणून देऊ, असं मी स्वतःला बजावलं. कुठून, हे मात्र विचारलं नाही.

बायकोनं आल्यावर ती बाटली स्वच्छ धुतली, तिच्यात मनी प्लँट लावला आणि टीव्हीवर ठेवला! काय सांगून काढायला लावू?

महिन्याभरानं आबा घरी आले आणि नेमके टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले. अर्धा तास चहा पीत टीव्हीकडं बघत होते. टीव्ही बंद होता! निघताना ते दारात थांबले. "झाडाला पानी घालत जा," एवढंच म्हणाले. आठ दिवसांनी आबा वारले. त्यांनी बाटली ओळखली होती की नव्हती, हे मला कळायची काही सोय उरली नाही.

तर असा मी घाटावर उभा होतो.

भावकीतले दादू आण्णा कावळ्याच्या कामात मुरलेले. ते एकेक शब्द देत होते. "आबा, काकीचं आमी बगतो!" कावळे ढिम्म. "आबा, शिरोळची जमीन इकत न्हाई!" ढिम्म. मग कारखान्याचे व्हाइस चेअरमन पुढं आले. "आबा, तुमच्या सुभाषला कायम करतो!" (मी सहा वर्षं हंगामी कारकून.) एक कावळा उठला. मी हात आणखी घट्ट जोडले! कावळ्यानं आमच्याकडं पाठ केली, पत्र्यावर घाण केली आणि पुन्हा बसला.

काकी पायरीवर बसली होती. तिला साखरेचा आजार. (साखर कारखान्याच्या डायरेक्टरची बायको, आणि चहा बिनसाखरेचा!) सकाळची गोळी तिनं घेतलेली, पोटात अन्नाचा कण नाही, डोक्यावर एप्रिलचं ऊन.

"माज्यावर राग हाय त्यांचा," ती म्हणाली. "जायच्या आदल्या दिवशी रस्सा मागितला. म्या दुधी वाढला. गप खाल्ला त्यांनी."

"काकी, असं नसतंय ओ," माझी बायको सुनंदा म्हणाली. "दोन घोट पानी तरी घ्या."

"त्यांनी खाल्ल्याबिगर मी पानी घेनार न्हाई."

मी त्या वेळी बोलायला हवं होतं. दीडशे माणसांपुढं, व्हाइस चेअरमनपुढं, मेलेल्या माणसाची वस्तू चोरून प्यालो म्हणायचं, एवढंच तर होतं. पण मी भित्रा माणूस. माझा दोष पदरात घेऊन ती बाई उन्हात बसली होती आणि मी हात जोडून गप्प उभा होतो. माझ्या आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नाही.

भित्र्या माणसाला पळवाट लगेच सुचते. "एक वस्तू आणायची राहिलीया," असं म्हणून मी सुनंदाच्या भावाच्या, विलासच्या, स्कूटरवर मागं बसलो आणि थेट वाईन शॉप गाठलं. बाहेर सहासात गिऱ्हाइकं. माझा गोटा, धोतर, अनवाणी पाय बघून सगळी बाजूला झाली.

"सोडा की पावण्यांस्नी पुढं! दुःखात हाईत!"

"काय देऊ?" दुकानदारानं आवाज खाली आणला.

"वाईन. तांबडी. चिली देशाची. स्वस्तातली."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यानं काउंटरवर पाण्याचा ग्लास ठेवला. "पावणं, जरा टेका. धक्का बसलाय तुमास्नी."

"दाजी, अर्जेंटिनाची चालंल काय?" मागून विलासची मदत.

"आवो, कुठल्या देशाचं काय घेऊन बसलाय?" दुकानदार म्हणाला. "हितं गोव्याची पोर्ट मिळती. बाळंतिनीला नेत्यात."

"आमच्याकडं उलटं झालंय," मी म्हणालो आणि ती घेतली.

घाटावर येऊन मी ती द्रोणात ओतली. बायकांनी पदर नाकाला लावले. दादू आण्णांनी भुवया उंचावल्या. आबांबरोबर त्या दौऱ्यावर गेलेले व्हाइस चेअरमन एकदम नदीचं पाणी निरखू लागले. आणि मी मेल्या माणसाशी खोटं बोललो. "आबा, चिलीची आणलीया बघा!"

एक कावळा खरोखर खाली आला! तो टुणटुणत द्रोणापाशी गेला, मान वाकडी केली, चोच जवळ नेली. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि सरळ पत्र्यावर निघून गेला. आबांच्या वहीत पहिल्याच पानावर होतं, 'गोड वाईन म्हंजे फसवनूक.'

"आरं, काय आनलंस तू?" दादू आण्णा ओरडले. "हुता त्यो बी गेला की!"

तेवढ्यात सुनंदाची किंकाळी आली. काकी एका बाजूला कलंडली होती. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरत होते. कुणीतरी पळत साखरेचा पुडा आणला.

"काकी, तोंड उघडा! चिमूटभर साखर!"

काकीनं दात घट्ट आवळले. "आदी... त्यांनी," एवढंच ऐकू आलं.

मग मात्र माझा बांध फुटला. "आबा!" मी एवढ्या जोरानं ओरडलो, की पलीकडं म्हशी धुणारे लोक थांबले. "आबा, तुमची बाटली मी प्यालो! चिलीची! एकट्यानं! सगळी! बायकोनं झाड लावलंय ती तीच बाटली! काकीचा काय दोष न्हाई ओ! तिच्यावर राग धरू नका, काय करायचं ते माझं करा!"

मी गोट्यावर हात मारत लहान पोरासारखा रडत होतो. माझ्या डोळ्यांदेखत एक कावळा पत्र्यावरून उतरला, पोर्टच्या द्रोणाला वळसा घातला, रश्श्यातला मटणाचा तुकडा उचलला आणि नदीवरून निघून गेला!

"शिवला! शिवला!" दीडशे माणसं एकदम ओरडली. सुनंदानं काकीच्या तोंडात साखर कोंबली.

पंधरावीस मिनिटांनी काकीच्या चेहऱ्यावर रंग आला. माणसं पांगली. जाताना प्रत्येकजण माझ्याकडं बघून जात होता. काकीनं मला खुणेनं बोलावलं. मी थोबाडीत खायच्या तयारीनंच गेलो.

"एकट्यानं प्यालास?"

"व्हय."

"मला इचारायचे ते. 'तिघं मिळून बसू या की' म्हनायचे. म्या कवा हो म्हनलं न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "कशी हुती रं?"

"चांगली हुती काकी. ढबू मिरचीचा वास हुता."

"ढबू मिरची?" काकीनं माझ्याकडं वळून बघितलं. "आरं, मग ढबू मिरचीच मागायची की मानसानं! म्या दिली असती की करून!"

आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच ती ओक्साबोक्शी रडली. मी तिच्या पायाशी बसून राहिलो.

कायम मी अजून झालेलो नाही. (कावळा त्या शब्दाला शिवला नव्हता, हे व्हाइस चेअरमननी माझ्या लक्षात आणून दिलं.) पण भावकीत माझं नाव झालं. हल्ली आमच्यात कुणाच्या रक्षेला कावळा अडला, तर जमिनीचे, पोरींच्या लग्नाचे शब्द देत कुणी ऊन खात बसत नाही. "सुभाषला पुढं घ्या," म्हणतात, "मयताचं काय ढापलंय ते बोलू द्या त्येला!" मी मुकाट्यानं पुढं होतो, हात जोडतो, एकेक करून सगळं सांगायला लागतो. आणि वाईट एवढंच वाटतं, की आजवर प्रत्येक वेळी कावळा शिवलाय!