आत्यानं उपटलेला प्लग

टेबलाखाली चपला काढून बसायची. चहा गार करूनच प्यायची. "बघू" म्हणणाऱ्याला लगेच "कधी?" विचारायची. कुठल्याही खोलीत शिरली की आधी प्लग कुठे आहेत ते पाहायची.

ऑफिसात सगळे तिला आत्या म्हणायचे. कान पिळायचा हक्क तिनं न मागताच घेतला होता. माझ्या दुप्पट वयाची, तरी माझी मैत्रीण. साहित्य शिकून मी तिथे सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहायला लागले होते.

प्रत्येक कॉम्प्युटरच्या डिस्कवर थोडी जागा रिकामी पडून असते. ती नेटवर्कवरून एकत्र करून सगळ्यांना वापरू द्यायची, असं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. त्यात काय काय असलंच पाहिजे, हे आत्या ठरवायची. तिची पहिली अट: प्रत्येक फाइल तीन मशीनवर राहील. एक बंद पडलं तरी कुणाचं काही जाणार नाही. अट तपासायची तिची रीतही एकच. "सेव्ह केलंस?" विचारायचं आणि प्लग उपटायचा.

साहेबांना ती अट डोळ्यांत खुपत होती. एकच प्रत ठेवली की जागा तिप्पट दिसते. गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती परस्पर काढून टाकली. सकाळी आत्याला कळलं. नोकरी हवी असेल तर गप्प बसा, असं त्यांनी तिला बजावलं.

गिऱ्हाईक म्हणजे एका दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. पेशंटांचे एक्स-रे हरवणार नाहीत ना, एवढंच त्यांनी विचारलं. निश्चिंत राहा, साहेब म्हणाले.

आत्या उठली. "साहेब, सेव्ह केलंत?"

"आत्या, आत्ता नको."

नमुन्याचा एक्स-रे ज्या मशीनवर होता, त्याचा प्लग तिनं उपटला. पडद्यावर फाइल उघडेना. मी हातातला कप तसाच धरून उभी.

"आज मी उपटला," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "उद्या झाडू मारताना कुणी उपटेल. त्यात त्या बिचाऱ्याची चूक नसेल."

साहेबांनी तिला घरी जायला सांगितलं. कायमचं.

"जाते. प्लग तुम्ही लावा."

तिनं चपला घातल्या आणि गेली. डॉक्टरीणबाईंनी तीन प्रतींशिवाय सही करायला नकार दिला. अट परत आली.

आत्याची शेवटची अट मात्र तिच्या मशीनवर अर्धीच लिहिलेली आहे. साहेब ती मला पुरी करायला सांगतात. मी "बघू" म्हणते. ती अशी: बंद पडलेलं मशीन पुष्कळ दिवसांनी परत जोडलं, तर त्याच्यावरच्या जुन्या फाइली