उपासाच्या रविवारी दोन गोळ्या

आर्डिथ सोरेन्सनने जन्मात कॉफीचा घोट घेतला नव्हता. चहाही नाही. युटाच्या त्या खोऱ्यात बहुतेक घरांत दोन्ही नसतात, तिथल्या ख्रिस्ती पंथाची मनाई आहे. कोला चालतो, पण तोही ती नातवंडं आली तरच घ्यायची. नवरा व्हर्ल गेल्यावर नातवंडांचं येणं कमी झालं, घरात बोलायला रेडिओ उरला आणि अंगावर वजन चढलं.

सून टॅरिन फिनिक्स शहरातली, या पंथातली नव्हे. उन्हाळ्यात आली तेव्हा वजन उतरवण्याच्या गोळ्यांची बाटली देऊन गेली.

"सकाळी दोन घ्यायच्या, आर्डिथ. भूकच लागत नाही. मी रोज घेते, मला काही होत नाही."

आर्डिथने चष्मा लावून बाटलीवरची अक्षरं वाचली. कॉफी नव्हती, चहा नव्हता. ग्वाराना नावाच्या कसल्याशा बियांचा अर्क होता. बियांना काय हरकत असणार? तरी बाटली कपाटातच राहिली.

महिन्याचा पहिला रविवार उपासाचा. अन्न नाही, पाणी नाही. भुकेने तिचं डोकं ठणकायचं, म्हणून त्या सकाळी तिने दोन गोळ्या घेतल्या. औषधाच्या घोटाने उपास मोडत नाही.

त्या रविवारी चर्चमध्ये प्रवचन नसतं. ज्याला आतून बोलावणं येईल त्याने पुढे जाऊन आपली श्रद्धा सांगायची. बोलावणं ओळखायचं कसं, हे पोरांना लहानपणीच सांगतात: छाती धडधडते, हात थरथरतात, जागेवर बसवत नाही. व्हर्ल गेल्यापासून आर्डिथला ते एकदाही आलं नव्हतं. दर महिन्याला ती वाट बघायची आणि शेवटचं गाणं झालं की पर्स उचलून घरी जायची. देव आपल्याला विसरला, असं तिने मनाशी धरलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र छाती अशी धडधडू लागली की शेजारच्या बाकावर ऐकू जाईल असं तिला वाटलं. बोटं थरथरत होती. ती उठली.

"व्हर्ल गेल्यापासून मला कुणी हाक मारली नाही," ती माइकपाशी म्हणाली. "तुम्ही सगळे चांगले आहात. वाटेत हात करता. पण दार कुणी वाजवत नाही. मला वाटलं, देवानेही मला टाकलं. आज त्याने बोलावलं. एवढंच सांगायचं होतं."

सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज आले. परत येताना तिने बाकाचा आधार घेतला. चर्चचा कारभार बघणाऱ्या बिशपने कोपराला धरलं, आणि डीॲनने तिला बाहेरच्या कोचावर नेऊन बसवलं. डीॲन गावातल्या दवाखान्यात नर्स, व्हर्लच्या आजारपणात रोज येणारी. तिने मनगट धरलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"छातीत दुखतंय?"

"नाही. नुसती धडधड."

"सकाळी काय घेतलंस?"

आर्डिथने सांगितलं.

"ग्वाराना? अगं बाई, चर्चमध्ये तीन-चार कप कॉफी रिचवून आलीस की तू!" डीॲन हसली, आणि लगेच थांबली. "कॉफीत असतं तेच त्यात ठासून भरलेलं असतं. टॅरिनला दिवसभर कॉफी लागते, तिचं अंग सरावलंय. तुझं काय, कधीतरी ग्लासभर कोला. त्यात पोट रिकामं, पाणी नाही, वर तुझा रक्तदाब. आधी हे पाणी पी. अर्ध्या तासात ठोके उतरले नाहीत तर इस्पितळात जायचं. आणि ती बाटली फेक."

आर्डिथने ग्लास हातात घेतला, पण प्यायली नाही.

"म्हणजे ते गोळ्यांचं होतं."

"ठोके गोळ्यांचे. बोललीस ते खोटं होतं का?"

"खोटं नव्हतं. पण मी आपण होऊन बोलले नसते, डीॲन. बोलावलं म्हणून उठले."

डीॲनने ग्लास तिच्या ओठांपाशी नेला. "पाणी पी," ती म्हणाली.

ठोके उतरले. त्या आठवड्यात दार रोज वाजलं. बायका चीज घातलेले बटाटे, जेली, गरम पाव घेऊन आल्या. चर्चमधल्या बायका एकमेकींना सिस्टर म्हणतात. "सिस्टर सोरेन्सन, काय ते बोलणं! आमच्या अंगावर काटा आला." आर्डिथ आभार मानायची, भांडं धुऊन परत द्यायची. गोळ्यांचं तिने कुणाला सांगितलं नाही, डीॲननेही नाही. पुढच्या आठवड्यात दोनच बायका आल्या. मग कुणी नाही.

उपासाचा रविवार पुन्हा आला. बिशपने दोनदा तिच्याकडे पाहिलं, आजही बोलायला उठतेस का अशा नजरेने. आर्डिथने मनगटावर दोन बोटं ठेवली होती, डीॲनने दाखवली तशी. नाडी संथ, नेमकी चालली होती. बिशपने तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिने मान खाली घालून गाण्याचं पुस्तक उघडलं.