गोंड्यांचं पायपुसणं

रंजनाच्या घरात कुठल्याही वस्तूला सुखाने मरता येत नसे. साडीचं खोकं रिकामं झालं की त्याचा बिलं खोचायचा कप्पा व्हायचा. बांगड्या हाताला घट्ट होऊ लागल्या की त्यांना लोकर गुंडाळली जायची आणि त्या तोरणात जाऊन लटकायच्या. सुकदेव, म्हणजे तिचा नवरा, लूमच्या कारखान्यातून सुताच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणायचा. त्यांतून चमचे, पेनं, उदबत्त्या डोकं वर काढून उभ्या असायच्या. सुकदेव म्हणायचा, "सुट्टीच्या दिवशी मी जास्त वेळ एका जागी झोपत नाही. न जाणो, ही माझ्यावर लोकर गुंडाळायची."

सुरतेच्या गोडादऱ्यातल्या त्या गल्लीत रंजनाची ख्याती अशी की कुणाची बादली फुटली तर ती आधी भंगारवाल्याला नव्हे, रंजनाला दाखवायची. मग बायकांनीच टूम काढली, शनिवारी दुपारी ओट्यावर जमायचं आणि रंजनाने शिकवायचं. तिने लगेच नाव ठेवलं, टाकाऊतून टिकाऊ. खर्च सुईदोऱ्याचा, बाकी सगळं घरात पडलेलंच.

त्या शनिवारी विषय होता पायपुसणं. साडीच्या चार-चार बोटं रुंद पट्ट्या फाडायच्या, तिपेडी वेणी घालायची, वेणी मधून बाहेर गोल गोल गुंडाळत जायची आणि दाभणाने टाचायची. खाली जुन्या जीन्सचं अस्तर, म्हणजे घसरत नाही. तयार नमुना रंजनाने उचलून सगळ्यांना दाखवला. केशरी, गरगरीत, आणि कडेने झुलणारे गोंडे. बायका नुसत्या बघत राहिल्या.

आज पुष्पाजिजीही आल्या होत्या. एरवी त्यांना सवड नसायची. साड्यांच्या पदरांना गोंडे बांधायचं काम त्या वर्षानुवर्षं घरी बसून करत. हल्ली बोटं आखडायला लागली म्हणून डॉक्टरने हात थांबवायला सांगितलं होतं. रंजना लग्न होऊन शिरपूरकडून सुरतेत आली तेव्हा नळावर भांडून पहिला हंडा भरून दिला होता तो याच जिजींनी. त्या मागे, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"ताई, साडी तर कोरी दिसतेय," उज्ज्वला म्हणाली. "फाडायला जीव कसा झाला?"

"अगं, आहेरातली. आमच्या दिपालीच्या लग्नात आलेली. कुणी दिली देव जाणे, पिशवीवर नाव नाही की गाव नाही." रंजना रंगात आली होती. "रंग बघ ना, पिकल्या पपईचा. देणारणीने दिवे गेलेले असताना घेतली असणार."

ओटा हसला. रंजनाला अजून चेव चढला.

"नेसली असती तर माश्या बसल्या असत्या. तिच्यात बघण्यासारखे एवढे गोंडेच. म्हटलं, तेवढे तरी कामाला लावू."

"इकडे आण बरं," मागून जिजी म्हणाल्या.

पायपुसणं हातोहात मागे गेलं. जिजींनी चष्मा लावला, एक गोंडा अंगठ्यात आणि बोटात धरून फिरवला. गाठीच्या पोटात एक बारीक हिरवा मणी होता. बाजारच्या गोंड्यांत मणी बाहेर असतो, दिसण्यासाठी. आत लपवलेला मणी सबंध गल्लीत एकच बाई बांधायची.

"गाठी सुटन्यात नहीत ना?" जिजींनी विचारलं.

रंजनाला तो मणी आता दिसला. एकदम लग्नाचा मांडव डोळ्यांसमोर आला. गर्दीत जिजींनी पिशवी हातात दिली होती, "तू नेस व, कोणाला देऊ नको," असंही म्हणाल्या होत्या. आणि आपण "हो हो" म्हणत ती मागच्या ढिगावर टाकली होती. तोंड जेवणाऱ्यांच्या पंगतीकडे.

"नाही जिजी," ती कशीबशी म्हणाली. "एकही नाही."

"धुतलं तरी?"

"धुतलं तरी."

"मग बरं."

शेजारच्या भावनाबेनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "बहु सरस छे, पुष्पाबेन. तमे पण शीखी लो."

"मला गाठी मारता येतात, बेन," जिजी म्हणाल्या. "फाडायचं काही जमत नाही."

बायका पुन्हा हसल्या. सवयीने रंजनाही हसली.

"जा आणि चुकलं म्हणून सांग," रात्री सगळं ऐकून सुकदेव म्हणाला.

"काय सांगू? तुमची आहे हे माहीत नव्हतं म्हणून फाडली? की आवडली नाही म्हणून फाडली? दोन्ही खरं आहे."

"त्यात मधलं काही नाही?"

"असतं तर गेले नसते का?"

तिने टाके उसवून पाहिले. पण वेणीची साडी होत नाही. सगळ्या गल्लीला टाकाऊचं टिकाऊ शिकवणारी बाई उलट्या रस्त्यावर अडाणी निघाली. शेवटी तिने ते पुन्हा टाचलं आणि कॅलेंडरशेजारी भिंतीला खिळा ठोकून टांगलं. शनिवार बंद झाला. भाजीला जायचं तर जिजींच्या दारावरून जायला नको म्हणून ती शाळेला वळसा घालून जाऊ लागली. जिजीही फिरकल्या नाहीत. रंजनाने मनाशी धरलं, आता त्या या उंबऱ्याला पाय लावायच्या नाहीत.

पुढे दिपाली माहेरपणाला आली, आणि दुसऱ्याच दिवशी दारात जिजी. गल्लीतली गटार भरून वाहत होती. पाय घोट्यापर्यंत चिखलाचे. त्यांची नजर भिंतीवर गेली.

"हे वर का व टांगलं?"

"जिजी, ते..." रंजनाची मान वर होईना. "खाली कसं ठेवू?"

"आन मग मी पाय कशाले पुसू? काढ."

रंजनाने ते काढलं आणि उंबऱ्याशी अंथरलं. जिजींनी चौकट धरून पाय पुसले. आधी एक, मग दुसरा. टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या. एवढ्या सावकाश कुणी कुणाच्या दारात पाय पुसले नसतील. रंजना कान धरल्यासारखी उभी होती.

"रंग खरंच पपईचा शे," जिजी म्हणाल्या. "दुकानात मला आंब्याचा वाटला होता. दिपाली कुठे शे?"

आणि त्या आत गेल्या.

रंजना पायपुसणं झटकायला वाकली. चिखल सगळा मधोमध होता. कडेच्या एकाही गोंड्याला डाग लागला नव्हता. ते खाली ठेवावं की परत खिळ्याला लावावं, तिला कळेना. आतून जिजी चहात आलं टाकायला सांगत होत्या, तरी ती तशीच वाकलेली होती.