मंदाताईंचा ओला कातळ

फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. मंदाताईंची भाची बोलत होती. "मावशी गेली, बुधवारी. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं..." तोवर चार दिवस उलटले होते. दादरहून लालबाग ते काय लांब. पण त्यांच्या चाळीचा जिना मी सहा वर्षं चढले नव्हते.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, त्या आमच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. गिरणी कामगाराची मुलगी, मॅट्रिक होऊन नोकरीला लागलेली, लग्न न केलेली. एकदा सह्याद्रीतल्या सहलीत विद्यार्थी पुढे गेले आणि मंदाताई ओढ्याकाठच्या पाझरत्या कातळाशी बसून राहिल्या. कातळावर हिरव्या, चपट्या फिती चिकटल्या होत्या. "मॅडम, ह्या शेवाळ न्हय." खरंच नव्हतं. ती लिव्हरवर्ट होती, शेवाळाच्या भाऊबंदांतली, आणि त्या भागात तिची नोंदच नव्हती. मग दर दिवाळीनंतर आम्ही दोघी तिथे जाऊ लागलो. आसपासचे सगळे ओढे पालथे घातले. दाट सावली, बारमाही पाझर आणि अंगावर थेट न कोसळणारं पाणी, एवढं जुळलं तरच ती तग धरते. आणि ते त्या एकाच ओढ्यावर जुळलं होतं. कातळाजवळ मंदाताई चपला काढायच्या. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "देव म्हणान न्हय ओ. चप्पल घसरली तर आपण तिच्यावरच पडतलो."

निवृत्तीनंतर एका निसर्गप्रेमी मंडळात मी त्या वनस्पतीवर बोलले. टाळ्या पडल्या, आणि त्या भरात मी ओढ्याची जागा नकाशावर दाखवून बसले. मंदाताई मागच्या रांगेत होत्या. पुढच्या खेपेला गेलो तर कातळ बोडका! कोणी नमुने खरवडून नेले होते, कोणी फोटोला उजेड हवा म्हणून वरच्या फांद्या तोडल्या होत्या. उरलेलं उन्हाने करपलं होतं. मी काहीबाही बोलत राहिले... परतीच्या एसटीत त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडम, तुमी जागा सांगलात कित्याक?"

माफी मागायला उद्या जाऊ, परवा जाऊ, करत राहिले.

फोननंतर भेटायला गेले तेव्हा चाळीच्या गॅलरीत उभी राहून भाची म्हणाली, "मावशी दरवर्षी दिवाळीनंतर एकटीच कुठेतरी जायची. विचारलं तर हसायची." कुठे, ते मला कळलं.

गेल्या आठवड्यात मी त्या गावी गेले. गावाचं नाव इथे लिहीत नाही. आम्ही ज्यांच्याकडे उतरायचो त्या पार्वतीकाकू बातमी ऐकून उंबऱ्यावरच बसल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "ओढ्याच्या वरच्या अंगाला ते हिरवं दुसरीकडं गावलं होतं की त्यांस्नी. चांगलं पसरलंय आता. गुरं शिरू नयेत म्हणून मी काट्या घातल्यात."

"मला दाखवाल?"

काकू खाली बघत पदर चाचपत राहिल्या. "कुणालाबी दावू नको म्हणाल्या होत्या."

"मलाही?"

त्या उंबऱ्यावरून उठल्या. "च्या ठेवते" म्हणत आत गेल्या. मागे झाडीत कुठेतरी पाणी वाहत होतं, बारीक आवाज येत होता. मी चहा घेतला, आणि वर न जाता दुपारच्या एसटीने परत आले.