चढावर उतरायची सवय

माझ्या जुन्या सायकलीला लेकानं बॅटरीवरची मोटर बसवून दिली, तेव्हा मी चिडलोच. माझे पाय काय मोडले होते? तरी बायकोला मागं बसवून आदिलाबादच्या बाजाराला निघालो. चढ आला, बटण दाबलं, सायकल सरसर वर गेली. वर पोचून बघतो तर कॅरिअर रिकामं! मोटरच्या जोरात मला कळलंच नव्हतं. बायको खालून चालत येत होती.

"काऊन उतरली वं?"

"चढ आला ना. दरवेळी उतरतेच की मी."

खरंच, तिला उतर म्हणून कधी सांगावं लागलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला चढ दिसताच मी आधीच म्हटलं, "बसून राह्य. लय चढ पायी चढली तू माह्यासाठी."