डोळ्यातली नवी लाईन

डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या डाव्या डोळ्याच्या आतला फोटो दाखवला, आणि मी तो लगेच ओळखला. मी जीवशास्त्र शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पुस्तकातलं तसलं चित्र परीक्षेसाठी काढलं होतं. ते बाबांच्या डोळ्यात दिसेल असं वाटलं नव्हतं.

साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत होत्या. ऑक्सिजन पोचेना, म्हणून पडदाच वाढ घडवणारं एक प्रथिन सोडत होता आणि त्याच्या जोरावर नव्या वाहिन्या फुटत होत्या. त्या प्रथिनाला अडवणारं इंजेक्शन डोळ्यातच द्यायचं होतं, आणि आजच. नाहीतर आत कधीही रक्त पसरेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उजव्या डोळ्यानं बाबांना आधीपासूनच धुरकट दिसतं.

बाबा बाहेरच्या बाकावर बसले ते उठेचनात. परळ-लालबागच्या चाळींत त्यांनी उभा जन्म प्लंबिंग केलं. वरच्या मजल्यावर पाणी चढेना की लोक त्यांनाच बोलावतात.

"पाणी पोचत नसला तर नवी लाईन टाकूचीच लागता," ते म्हणाले. "डोळो आपसूक टाकता हा. ती बंद कित्याक करूची?"

सुईची भीती असेलच, पण अडलं होतं ते इथे. मी समजावायला लागले आणि अडखळले. प्रथिनाचं नाव मला इंग्रजीतच येत होतं. तेवढ्यात नर्सनं त्यांच्या नावाची हाक मारली. बाबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मग मी त्यांना आमच्या वरच्या बिऱ्हाडाचं विचारलं. त्या लोकांनी घाईत कुणाकडून तरी पाइप टाकून घेतला होता, त्याचं काय झालं?

"होतला काय? हलको पाइप, सांधे कच्चे. भिंत फुगली सगळी."

"या वाहिन्या तशाच आहेत, बाबा. पाणी पोचत नाहीच, नुसती गळती. आणि त्यांच्या ताणानं डोळ्यातला पडदाही सुटू शकतो."

नर्स पुन्हा दारात आली.

"आणि जुनी लाईन? ती चालू होतली?" बाबांनी विचारलं.

याच प्रश्नाला मी घाबरत होते. हो म्हटलं असतं तर ते लगेच उठले असते.

"नाही होणार," मी म्हटलं. "हे इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यावं लागेल. साखर आवरली तर उरलंय ते टिकेल. तेही नक्की नाही सांगता येत."

"लबाडी नाय ना करणस, बाय?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढला, शर्टानं पुसला आणि माझ्या हातात दिला. मग दाराची चौकट चाचपत आत गेले. दार लागल्यावर, मी त्यांना सांगितलं ते सगळं बरोबर होतं ना हे बघायला फोन काढला, पण उघडायचा धीर झाला नाही.